पळपुट्यांचं घर

आमच्या घराला गावात एक नाव आहे. ते आडनाव नव्हे. आडनाव कागदोपत्री असतं आणि ते चारचौघांसारखं सरळ आहे. गावातलं नाव वेगळं. देवगाव रंगारीवरून कन्नडकडं जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो, तिथं उतरून कुणालाही आमचं आडनाव विचारा, तो डोकं खाजवील. मग हळूच म्हणा, "पळपुट्यांचं घर कुठं?" शेंबडं पोरगंही हात करून दाखवील.

पळाले ते माझे पणजोबा. मोठ्या दुष्काळात बायकापोरांना टाकून घाट उतरून गावातून नाहीसे झाले आणि पाऊस पडल्यावर निर्लज्जासारखे परत आले, अशी गोष्ट. निजामाच्या राज्यातली. ती सांगणारे गेले, त्यांची पोरं गेली, पण नाव मात्र काही केल्या जाईना.

मला लहानपणी याचं काही वाटायचं नाही. मी वाढले शहरात, छावणीत. तिथं आम्हाला कुणी पळपुटे म्हणत नसे. पण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते फार लागायचं. आमच्या गावी पोळ्याला बैल वेशीतून निघतात ते मानानं. पहिली जोडी पाटलांची, मग भावकीतली घरं एकामागून एक, आणि सगळ्यांत शेवटी पळपुटे. अण्णांनी नोकरीत बढती मिळाल्यावर हौसेनं एक खिल्लारी जोडी घेतली होती. अशी जोडी पंचक्रोशीत नव्हती, हे त्यांचे वैरीही कबूल करत. त्यांनी नम्रपणे विचारलं, यंदा तरी जरा पुढं घ्या. कुणीतरी हसत म्हणालं, "पळणाऱ्याला पुढं सोडलं तर पुन्हा घाटाखालीच सापडायचा." सगळा पार हसला. अण्णा त्या वर्षी शेवटून गेले, आणि त्यानंतर चाळीस वर्षांत पोळ्याला गावात पाय ठेवला नाही. जमीन बटाईनं दिली, बैल विकले. आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत.

हे सगळं असंच मुकाट राहिलं असतं, पण गेल्या उन्हाळ्यात भावकीला कुळवृत्तांत छापायची हुक्की आली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तसा आता घरोघरी एक निवृत्त इंजिनिअर असतो, आणि त्याला काहीतरी उद्योग लागतो. आमचा इंजिनिअर म्हणजे माझा चुलतभाऊ. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला, सगळ्यांचे फोटो मागवले, कुणाला कुठं दिलं, कुणाची पोरगी अमेरिकेत आहे, सगळं गोळा केलं. पोळ्याच्या दिवशी गावात मारुतीच्या पारावर पुस्तकाचं प्रकाशन ठरलं. मजकूर तयार झाल्यावर त्यानं मोबाइलवर पाठवला. अण्णांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून मी वाचून दाखवत होते. सातव्या पिढीचे कोण, त्यांनी विहीर बांधली. सहाव्या पिढीचे कोण, त्यांनी मारुतीचा जीर्णोद्धार केला. मग आमचे पणजोबा आले. एकच ओळ होती. 'हे मोठ्या दुष्काळात कुटुंब व गाव सोडून पळून गेले. पुढील पावसाळ्यात परतले.'

मी वाचता वाचता थांबले. ती ओळ गाळायला हवी होती, हे मला वाचून झाल्यावर सुचलं.

"पुढं वाच," अण्णा म्हणाले.

"पुढं काही नाही, अण्णा. एवढंच आहे."

अण्णा त्या रात्री अर्धा भात ताटात ठेवून उठले. आई माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू ती ओळ मीच लिहिली होती. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, पण छापलेलं माझ्या नातवंडांपर्यंत जाणार होतं. अण्णांना तेच सहन होत नव्हतं. मला राग आला की आधी कानाच्या पाळ्या गरम होतात. त्या गरम झाल्या आणि मी चुलतभावाला फोन लावला.

"ताई, इतिहास आहे तो," तो म्हणाला. "आपण काय खोटं लिहायचं? एखादा पुरावा असला तर दाखवा, मी आज ओळ काढतो."

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. 'सिद्ध करा' हे शब्द मी हजारो पोरांच्या डोक्यावर आपटले आहेत. त्यामुळं मला त्याला शिव्याही देता येईनात. माणूस बरोबर बोलत होता, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जास्तच राग येतो.

पुरावा म्हणावं असं आमच्याकडं काही नव्हतं. होती ती पणजोबांची एक वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, हातभर लांब, कडांना वाळवी लागलेली. आतलं सगळं उर्दू अक्षरांत. पणजोबा लहानपणी निजामाच्या शाळेत चार यत्ता शिकले होते आणि तिथं शिकवत ते उर्दूच. अण्णांनी नोकरीत असताना ती वही कचेरीतल्या एका जुन्या मुन्शींना दाखवली होती. त्यांनी उभ्या उभ्या दोन पानं चाळली आणि परत दिली. "इसमें कुछ नहीं है, साहब. ना शेर, ना खत, ना हिसाब. बस, हाथ घिसाया है." पुढं आत्याच्या मुलानं ती एका विद्वानांकडं नेली. ते म्हणाले ही उर्दू नाही, फारसी असेल. मग फारसी जाणणाऱ्यांकडं नेली. ते म्हणाले ही फारसी मुळीच नाही, उर्दू असेल. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की पणजोबांना लिहिता येत नव्हतं, नुसत्या रेघोट्या मारत असावेत. तेव्हापासून अण्णांच्या वाट्याला दोन शरमा आल्या. आजोबा पळपुटा होता, आणि वर अडाणी होता.

आमच्या मागच्या गल्लीत एक आपा राहतात. उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांचे आणि आईचे गुडघे एकाच डॉक्टरकडं आहेत, त्यामुळं दोघींचं मेतकूट आहे. गुडघे शेकून झाले की आपा आमच्या ओसरीवर बसतात, चहा घेतात आणि सुनांना नावं ठेवतात. मी एका दुपारी वही त्यांच्यापुढं ठेवली. आशा नव्हती. पण पुरावा नाही हे सांगायला तरी एकदा नीट बघून घ्यावं, एवढाच हेतू होता.

आपांनी चष्मा पुसला. बराच वेळ पान जवळ धरलं, लांब धरलं.

"अक्षर चांगलं आहे हो," त्या म्हणाल्या. "ज्यानं लिहिलं तो शिकलेला आहे, रेघोट्या नाहीत या. पण भाभी, ये उर्दू नहीं है. एक लफ्ज ओळखीचा लागेल तर शपथ."

"मग मोठ्यानं वाचा की," आई म्हणाली. ती अंबाडी निवडत होती, तिचं लक्षही नव्हतं. "काय लिव्हलंय ते तरी कळू द्या."

"वाचून काय होणार? अर्थच नाही त्याला." तरी आपांनी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायला सुरुवात केली. "तां... बडी. गा... य. एक शिंग मो... मोड... कं."

आईचा हात अंबाडीत थांबला.

"तांबडी गाय, एक शिंग मोडकं," ती म्हणाली. "अवो बाई, हे तर मराठी हाय!"

आपांनी वही मांडीवर ठेवली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मग त्या इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला. आम्हीही हसलो. हसता हसता मला रडू फुटलं, ते कुणाला कळू नये म्हणून मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले. पणजोबांना अक्षरं येत होती ती फक्त उर्दू, आणि भाषा येत होती ती फक्त मराठी. त्यांनी एकीत दुसरी लिहून ठेवली होती. मुन्शींनी, विद्वानांनी, सगळ्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, म्हणून त्यांना तिच्यात उर्दूच शोधावीशी वाटली. माझ्या आईनं वहीकडं पाहिलंच नव्हतं, म्हणून तिला ऐकू आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आमचा वळसा शंभर वर्षांचा निघाला.

नंतर आठवडाभर रोज दुपारी आपा वाचायच्या, आई सांगायची आणि मी देवनागरीत उतरवून घ्यायचे. ती गुरांची यादी होती. पानामागून पान, गावातल्या एकेका घराचं जनावर, त्याचा रंग, त्याची खूण. पाटलांची तांबडी गाय, गाभण. तेल्याचा ढवळा बैल, कपाळावर भोवरा. मुलाण्याची म्हैस, डावा कान फाटका. सुताराच्या दोन कालवडी. आणि प्रत्येकीपुढं पुढची हकीकत. 'घाट उतरताना पाय मुरगळला, तीन दिवस थांबलो.' 'वाटेत बसला तो उठला नाही, मालकाच्या पाया पडणे.' 'घाटाखाली व्याली, कालवड झाली, दोघी धड.'

घाट हा शब्द आला तेव्हा अण्णा आतून उठून ओसरीवर आले. तोवर ते नको नको म्हणत होते. कन्नडचा घाट उतरला की खाली खानदेश. त्या काळी वर निजामाचं राज्य आणि खाली इंग्रजांचं. नाक्यावर विचारल्याशिवाय गुरं खाली न्यायला बंदी होती, आणि विचारलं तर परवानगी मिळत नसे. वर चारा संपला होता, खाली नदीकाठी थोडा होता. तेव्हा हा एकटा माणूस गावातली उरलीसुरली गुरं घेऊन, नाका चुकवून, गौताळ्याच्या जंगलातल्या चोरवाटेनं खाली उतरला होता. पाऊस पडेपर्यंत त्यानं ती तिथं जगवली आणि परत आणून ज्याची त्याच्या दावणीला बांधली.

मग शेवटचं पान आलं. आपा अडखळत वाचत होत्या, आणि आता आईनं सांगायची गरज उरली नव्हती, आम्हा सगळ्यांना सरळ ऐकू येत होतं. 'सरकारचा माणूस चौकशीला आला तर गुरं मेली म्हणावं आणि मी पळालो म्हणावं. असं सगळ्यांचं मिळून पारावर ठरलं. घरच्यांनाही हेच सांगणे.'

"पुन्हा वाचा," अण्णा म्हणाले.

आपांनी पुन्हा वाचलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर अण्णा लहान पोरासारखे रडले. मी त्यांना आजी गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. "पारावर ठरलं," एवढंच ते म्हणत राहिले. गावानंच ती थाप ठरवली होती. आधी नाक्यावाल्यांच्या भीतीनं कुणी खरं बोललं नाही, मग ज्यांना खरं माहीत होतं ती माणसं गेली, आणि मागं नुसती थाप उरली. तीच त्यांच्या पोरांनी आमच्या पाठीला चिकटवली. पणजोबांनी जन्मभर तोंड उघडलं नाही, कारण त्यांनी पारावर शब्द दिला होता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि त्याच वेळी इतका राग आला की काही विचारू नका. निदान मरताना तरी सांगायचं होतं, भल्या माणसा!

चुलतभावाला सगळं लिहून पाठवलं. मला वाटलं होतं, धावत येईल. त्याचा सावकाश निरोप आला. 'ताई, वही खरी असेलही. पण त्या अक्षरांत मराठी लिहिलंय हे तपासणार कोण? आणि समजा आहे, तरी त्यानं स्वतःबद्दल स्वतःच लिहिलंय. आपला तो बाब्या. दुसऱ्या कुणाची साक्ष हवी.' माझ्या कानाच्या पाळ्या पुन्हा गरम झाल्या. पण गणितात मीही हेच म्हणाले असते. ओळ तशीच राहिली.

"मी पोळ्याला जाणार," अण्णा म्हणाले. "छापू दे त्याला काय छापायचं ते. मी पारावर वाचून दाखवणार."

पोळ्याच्या दिवशी आम्ही गाडी करून निघालो. अण्णा, आई, मी आणि आपा. आपांनी सकाळीच बजावलं होतं, "वाचणारी मीच. दुसऱ्या कुणाला येणार नाही." गावात पोचलो तेव्हा वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधून झालं होतं. बैलजोड्या पंधरा-सोळाच होत्या, बाकीचे ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभे केलेले. पारावर सतरंजी टाकली होती आणि कुळवृत्तांताचे गठ्ठे रंगीत कागदात गुंडाळून ठेवले होते. चुलतभाऊ नव्या कुर्त्यात होता. अण्णांना पाहून तो वाकून पाया पडला, आणि शेजारी वही घेऊन उभ्या असलेल्या आपांना पाहून त्याचा चेहरा जरा उतरला.

अण्णांनी माइक मागितला. दोन मिनिटं, म्हणाले. चाळीस वर्षांनी आलेल्या म्हाताऱ्याला नाही कोण म्हणणार? आपा पाराच्या कडेला बसल्या आणि वाचू लागल्या. उर्दू वहीतून चोख मराठी बाहेर पडायला लागली तशी कुजबुज थांबली. तेल्याच्या ढवळ्याचं आलं तेव्हा तेल्यांचा पोरगा पुढं सरकला. मुलाण्याच्या म्हशीचं आलं तेव्हा मुलाणीचाचा हातातली विडी विझवून उभे राहिले. लोकांना आवडत होतं, पण मी गर्दीकडं बघत होते आणि मला कळत होतं की आवडणं वेगळं आणि पटणं वेगळं. मागून कुणीतरी म्हणालंच, "गोष्ट लई ग्वाड हाय, पण खरी कशावरनं?"

चुलतभाऊ माझ्याकडं बघत नव्हता. आपांनी तरी वाचणं थांबवलं नाही. त्या पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. "पाटलांची तांबडी गाय. एक शिंग मोडकं. घाटाखाली व्याली. कालवड झाली, दोघी धड."

"जरा थांबा, बाई."

बायका देवळाच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्यातून पाटलांच्या घरातली थोरली सून उठली. थोरली म्हणजे आता पंचाहत्तरीची. पदर सावरत ती खाली आली.

"आमच्या गोठ्यात तांबड्या गाईंचा एक वंश हाय," ती म्हणाली. "पिढ्यान् पिढ्यांचा. त्या गाई आमी कधी इकत नाय. घरात सगळी त्यान्ला घाटाच्या म्हणत्यात. घाटाची कालवड, घाटाची म्हातारी. मी लगीन होऊन आले तवा सासूला इचारलं, घाटाच्या का वो? तिलाबी म्हाईत नव्हतं. तिच्या सासूनं सांगितलं व्हतं, घाटाच्या म्हणायचं, एवढंच. आत्ता कळलं मला."

मग तिनं दीराकडं पाहिलं. पाटील खाली मान घालून म्हणाले, "व्हय. घाटाच्याच म्हणतो आमी." त्यांच्या मानाच्या जोडीकडं त्यांनी बोट केलं. दोन्ही बैल तांबडे, शिंगांना हिंगूळ, अंगावर भरजरी झूल. "ह्यो उजवीकडचा घाटाच्याच पोटचा हाय."

पुरावा झूल घालून पारासमोर उभा होता आणि शेपटीनं माश्या हाकत होता. शंभर वर्षं आमची वंशावळ आम्ही विसरलो होतो, पाटलांच्या गाईंनी ती सांभाळली. चुलतभाऊ पुढं आला. सगळ्यांसमोर त्यानं कुळवृत्तांताचा गठ्ठा उचलला, परत पाराखाली ठेवला आणि अण्णांना म्हणाला, "काका, माझी चूक झाली. हे आता नाही वाटायचं. ते पान मी पुन्हा लिहितो, तुम्ही सांगाल तसं." त्याचे डोळे भरले होते. माझा सगळा राग तिथल्या तिथं निवला, आणि खरं सांगते, मला तो जरा आवडलाच.

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. वेशीकडं जायची वेळ आली. पाटलांनी मानाच्या जोडीचा कासरा सोडला, दोन पावलं चालत आले आणि तो अण्णांच्या हातात दिला.

"काका, तुमी धरा."

अण्णांनी एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातात काठी धरली. माइकवाला पोरगा गोंधळला. त्याला प्रत्येक घराचं नाव घेऊन जोडी पुकारायची होती, आणि आमच्या घराचं त्याला एकच नाव माहीत होतं. तो ओरडला, "मानाची पहिली जोडी... पळपुट्यांची!" आणि मग स्वतःच जीभ चावली.

सगळं गाव अण्णांकडं बघायला लागलं. मी डोळे मिटून घेतले.

"व्हय!" अण्णा ओरडले. इतकी वर्षं शहरात राहून घासून पुसून साफ केलेली त्यांची भाषा एका शब्दात गावाची झाली. "पळपुट्यांचीच! जोरात म्हण की रं पोरा!"

पोरानं जोरात म्हटलं. हलग्या कडकडल्या, मुलाणीचाचांनी फेटा काढून हवेत उडवला, आणि ओट्यावरच्या बायकांत माझी आई सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती. अण्णा जोडी घेऊन निघाले. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला, कारण त्यांचा गुडघा दगा देतो आणि वेशीपाशी दगड फार. तांबडे बैल मानेनं घुंगरं वाजवत त्यांच्या मागून चालत होते. तोरण डोक्यावर आलं. मला वाटलं, दमले असतील, म्हणून मी त्यांना जरा मागं ओढलं.

"हळू काय चालतीस, पोरी?" अण्णा म्हणाले. "आख्खं गाव आपल्यामागं थांबलंय."